घेणारं कुणीतरी

नव्या गाड्या आल्या तेव्हा साहेबांनी आम्हा चालकांकडून एकच गोष्ट घोकून घेतली. उतारावर विजेचा ब्रेक आधी, हवेचा शेवटी. विजेचा ब्रेक लावला की चाकं मोटरींना फिरवतात, मोटरी वीज करतात आणि ती वरच्या तारेत परत जाते. दुसरी गाडी चढ चढत असेल तर ती ही वीज घेते. घेणारं कुणी नसेल, तर वीज टपावरच्या जाळीत नुसती जळून जाते.

आमच्या घाटात रूळ एकेरी. मी उतरून, पूल ओलांडून, समोरचा चढ चढून पलीकडे गावात पोचेपर्यंत दुसरी गाडी आत येतच नाही. त्यामुळे माझी वीज जळायची. तापल्या लोखंडाचा वास केबिनभर व्हायचा.

समोरच्या चढावर माझा दादा गेला. जुनी, रिकामी गाडी घेऊन घरी निघाला होता. तारेतली वीज मंदावली आणि गाडी मागे घरंगळत पुलावरून खाली कोसळली, असं मी मानते. चौकशीवाल्यांनी मानलं नाही. त्यांनी वहिनीला विचारलं, नवऱ्याची झोप झाली होती का? ती म्हणाली, "नव्हती." झालं! खापर दादाच्या डोक्यावर फोडून सगळे मोकळे झाले. तेव्हापासून माझं नि वहिनीचं बोलणं नाही.

थंडी पडली आणि जाळी तापेनाशी झाली.

"अगं, तुझी वीज जाते कुठे?" नियंत्रण कक्षातल्या मास्तरांनी फोनवर विचारलं. "घाटात तुझ्याशिवाय चिटपाखरू नाही."

"मीटर बिघडला असेल."

"नवा बसवलाय."

मागच्या डब्यात त्याच फोनवर ऐकणारे गार्डकाका हसले. "भाऊ उपाशी असेल हो तिचा!"



मी ब्रेक लवकर लावू लागले. तान्ह्या पोरानं पदर ओढावा तसा मीटरचा काटा ओढला जाई. समोरच्या चढावर दिसत काहीच नसे. फक्त वरची तार एका जागी थरथरे. रोज ती थरथर थोडी वर सरकलेली असे.

चढत होता माझा दादा.

मग मी बोलू लागले. "घे रे दादा, घे. आई आता भिंत धरून चालते. तुझी लेक शाळेत जाते, तुझ्यासारखीच नाक उडवते." आणि रोज, साखर घातल्यासारख्या आवाजात, "तुझ्या बायकोनं काय सांगितलं, ठाऊक आहे ना? घरी जा आणि विचार तिला."

तेव्हा काटा खोल जाई.

"पोरी," गार्डकाका एकदा फोनवर म्हणाले, "गेलेल्या माणसाला असलं सांगू नये."

"मग कुणाला सांगू? जिवंत माणसं कानात बोळे घालून बसलीत."

त्यांनी फोन ठेवला.

एका सकाळी उतारावर ब्रेक लावला आणि काटा हललाच नाही. टपावरची जाळी भाजून निघाली.

"तार वीज घेत नाहीये," मास्तर म्हणाले. "आधीच भरलीये. तुझ्यासारखंच आणखी कुणीतरी ब्रेक लावतंय. उतरतंय."

"कुठं?"

"माथ्यापलीकडे. गावाकडे."

मला हसू फुटलं. पोचला एकदाचा! हवेचा ब्रेक दाबून मी गाडी पुलावर उभी केली. खाली पाण्यावर ऊन पडलं होतं.

तारेतला विजेचा दाब हळूहळू उतरला.

पलीकडेही गाडी थांबली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. फोन वाजला.

"तुझ्या वहिनीचा फोन होता," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा पडला होता. "दाराला आतून कडी लावून बसलीये. पोर बाहेरच राहिली."

"पोर?"

"हाका मारतेय, पण ती येत नाही म्हणे. बाहेर पायरीवर बसलीये, कुणाशी तरी बोलतेय."

"एकटीच आहे ना ती?"



"खिडकीतून दिसतंय म्हणाली. पायरीवर नाही गं. पायरीच्या वीतभर वर बसलीये, कुणाच्या मांडीवर बसावं तशी."