पाच सेकंदांचा जाळ

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या सख्ख्या ताईने सांगितलं, तसं सांगतोय.

अकरा मार्च. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन. उगाच रात्र-बित्र काही नाही.

ताई रॉकेटच्या चाचणी केंद्रात आवाज मोजते. रॉकेट उडताना खाली आगीचा लोट सुटतो. त्याचा हादरा उलटून रॉकेटलाच बसू शकतो. म्हणून आधी उड्डाणतळाची छोटी प्रतिकृती करून बघतात. खऱ्याचा विसावा भाग. खाली आग बाहेर काढणारा बोगदा. हात घातला तर कोपरापर्यंत जाईल, एवढाच.

त्यावर बसवलेल्या छोट्या इंजिनाचा आवाज फार चिरका. तो वीसपट हळू केला की खऱ्याचा अंदाज येतो. पाच सेकंदांचा जाळ शंभर सेकंद ऐकायचा.

त्या दुपारी पहिली चाचणी झाली. ताईने रेकॉर्डिंग हळू केलं. घरघर... घरघर...

आणि मधेच...

"ताई... बंद करा."

माणसाचा आवाज.

मग किंकाळी. थेट शंभराव्या सेकंदापर्यंत.

केंद्राचे प्रमुख हसले. "उंदीर शिरला असेल."

"उंदीर 'ताई' म्हणतो का, सर?"

बोगद्यात टॉर्च मारला. काजळी. बाकी काही नाही.

तिथे कधी कोणी मेलं होतं का? ताईने जुनी रजिस्टरं चाळली.

कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळ. पुन्हा तोच आवाज... या वेळी रडत.

"कालचं अजून भाजतंय हो..."

ताईने स्पीकर बंद केला. "सर, आपण कोणाला तरी जाळतोय."

या वेळी प्रमुखांनीही ऐकलं होतं. चेहरा पांढराफटक. पण म्हणाले, "त्या रॉकेटमध्ये चार जिवंत माणसं बसणार आहेत. अठरा चाचण्या बाकी आहेत. बटण तुम्ही दाबता, की मी दाबू?"

ताईने दाबलं.

अठराच्या अठरा वेळा.

"सवय होते रे," ती मला म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात ती किंकाळी ऐकत डबा खायची.

विसाव्या चाचणीत किंकाळी नव्हती. नुसती घरघर. अगदी शेवटी...

"ताई... झालं ना आता?"

खोलीत ती एकटीच होती. स्पीकरकडे बघून म्हणाली, "हो रे बाबा. झालं."

खरं इंजिन पुढच्याच महिन्यात पेटायचं होतं.

पेटलं. चौघे सुखरूप वर गेले. टाळ्या, मिठ्या, फोटो.

खऱ्या तळावरचं रेकॉर्डिंग हळू करावं लागत नाही. ताईने ते ऐकायला साफ नकार दिला. प्रमुखांनी एकट्याने ऐकलं. हेडफोन काढून तिच्याकडे आले.

"ओरडला का, सर?"

"नाही. एकच विचारत होता... ताई खोटं का बोलल्या?"

ताईने नोकरी सोडलेली नाही. सोमवारपासून नव्या इंजिनाच्या चाचण्या आहेत. काल जेवताना मी विचारलं, "जाणार?"

"वीसच तर आहेत," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

सख्खी बहीण आहे माझी... पण तिच्या शेजारी बसायचं मी टाळतो.