मावशीच्या पाठीवर

त्या रात्री संघातली माझी खोलीसोबतीण चिमणी माझ्यासाठी बर्फ आणायला खाली गेली, आणि खोलीत मी एकटी उरले. सुरुवात झाली ती एवढ्यानेच.

दुपारच्या सामन्यात मी ब्लॉकसाठी उडी मारली आणि खाली येताना माझा पाय समोरच्या खेळाडूच्या बुटावर पडला. घोटा असा सुजला की मोजा कात्रीने कापून काढावा लागला. मैदानातून मला मावशीने पाठुंगळीला घेऊन बाहेर आणलं. मावशी म्हणजे आमच्या व्हॉलीबॉल संघाला मालिश करणारी बाई. रुंद खांद्यांची, बोलायला कमी, अंगाला कायम मलमाचा वास. मी संघात सगळ्यांत उंच, म्हणून सगळ्या मला शिडी म्हणत. मला उचलताना ती एवढंच म्हणाली, "शिडे, पाय वर घे गं, जमीन झाडतेयस." तशातही मला हसू आलं होतं.

उपांत्य सामना दुसऱ्या दिवशी होता. हॉटेल तीन मजल्यांचं, आमच्या खोल्या सगळ्यांत वर. संध्याकाळी एकदा आगीची घंटा वाजून गेली होती. कुणीतरी न्हाणीघराचं दार उघडं टाकलं आणि वाफेने ती वाजली, असं कळलं. सगळ्या जणी टॉवेल गुंडाळून जिन्यापर्यंत धावल्या, प्रशिक्षक सरांची बोलणी खाऊन परत आल्या. त्यामुळे ती पुन्हा वाजायला लागली तेव्हा मी फक्त उशी कानावर ओढली.

मग दिवे गेले.

आधी वायर जळल्याचा वास आला, मग गादी जळते तसा, घशाला चिकटणारा. बाहेर पावलं धावली, दारं आपटली, सरांचा आवाज जिन्याकडे जाऊन विरला. मी हाका मारल्या, पण घंटेच्या आवाजात माझ्या मलाच ऐकू येत नव्हत्या. नंतर कळलं, चिमणीला वाटलं मावशीने मला आणलं असेल, आणि मावशीला वाटलं चिमणी माझ्यापाशीच आहे. त्या वेळी मात्र मला एवढंच कळत होतं, की संघ गेला आणि मी राहिले.

पलंगावरून स्वतःला खाली सोडलं आणि फरशीवर रांगत दारापर्यंत गेले. दार उघडलं तर बाहेर काळोख नुसता दाटलेला. धूर डोळ्यांत गेला. मी तिथेच भिंतीला टेकून खोकत बसले. आता आपलं काही खरं नाही, असं वाटलं. आई डोळ्यांसमोर आली.

तेवढ्यात कुणीतरी माझ्यापुढे पाठ करून बसलं. हात मागे आले आणि माझे गुडघे चाचपायला लागले. मला रडूच फुटलं. "मावशी," म्हणत मी गळ्याला मिठी मारली. ती उठली, एका झटक्यात, जणू मला वजनच नव्हतं.

जिना सुरू झाला. ती सावकाश उतरत होती, एका लयीत, न थांबता. मी खोकून खोकून बेजार झाले होते. ती एकदाही खोकली नाही. मी विचारलं, बाकीच्या सुखरूप आहेत ना, चिमणी कुठे आहे. ती काही बोलली नाही. मला त्यात नवल वाटलं नाही, मावशी बोलणाऱ्यांतली नव्हतीच. मी डोळे मिटून गाल तिच्या पाठीवर टेकवला. पाठ गार होती. आणि मलमाचा वास येत नव्हता. विझलेल्या चुलीत पाणी ओतल्यावर येतो, तसा काहीतरी ओला वास होता.

धुराने नाक गेलं असेल, असं मी स्वतःला समजावलं.

उतरता उतरता भिंतीपलीकडून आमच्या मुलींचा गलका ऐकू आला. कुणी रडत होतं, सर नावं पुकारत होते. अगदी कानाशी असल्यासारखा आवाज. आता दार येणार, मोकळी हवा येणार, म्हणून मी मान वर केली. पण ती वळली नाही, उतरतच राहिली. आणि तो गलका हळूहळू माझ्या डोक्यावर गेला.

"मावशी... दार मागे राहिलं."

ती उतरत होती. धूर संपला होता. खालून गार, स्वच्छ हवा येत होती. छाती मोकळी झाली, खोकला थांबला. खरं सांगते, इतकं बरं वाटलं की एक क्षण मला काही विचारावंसंच वाटेना. पडून राहावं तिच्या पाठीवर, नेईल तिकडे जावं...

तेव्हा वरून हाक आली. लांबून, धुराने घोगरी झालेली.

"शिडे! कुठे आहेस गं? खोलीत नाहीस... शिडे!"

मावशीचा आवाज.

माझ्या हातांखालच्या गळ्यात काहीतरी हललं. मग तिथूनच एक आवाज आला, अगदी हळू, समजावल्यासारखा.

"ओ देऊ नकोस."

मी ओरडले की नाही, आठवत नाही. मी गळा सोडला, पण तिने गुडघे सोडले नाहीत. पकड नुसती घट्ट होत गेली. माझे हात लांब आहेत, त्यांनीच त्या रात्री मला वाचवलं. अंधारात फिरवता फिरवता जिन्याचा कठडा हाताला लागला. दोन्ही हातांनी तो धरला. ती थांबली नाही. चालतच राहिली, आणि माझं अंग मधल्यामध्ये ताणलं गेलं. सुजलेल्या घोट्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. मग पाय निसटले, आणि मी पायऱ्यांवर आपटले.

खालची पावलं थबकलीसुद्धा नाहीत. त्याच लयीत उतरत गेली... खाली, आणखी खाली.

मी कोपरांवर सरपटत वर निघाले. चांगल्या हवेतून पुन्हा धुरात. "मावशी, मी इकडे," एवढंच म्हणत होते. कुणीतरी माझ्या काखेत हात घातले. मलमाचा वास आला. त्यानंतरचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी, आग पूर्ण विझल्यावर, कुबड्या घेऊन मी तो जिना बघायला गेले. सर नको म्हणत होते, तरी गेले. जिना तळमजल्यावर संपत होता. पुढे साधी फरशी होती, काजळीने काळी झालेली. अग्निशमनाच्या माणसाला मी विचारलं की खाली तळघर वगैरे आहे का. त्याने टाच फरशीवर आपटून दाखवली. म्हणाला, याच्याखाली नुसती माती आहे, बाई.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. धुराने माणसाला भलतंसलतं भासतं, हे सगळेच म्हणाले असते, आणि मलाही तेच मानायचं होतं.

मावशी इस्पितळात होती. मला आणायला परत आत शिरली, म्हणून तिच्या छातीत धूर भरला होता. संध्याकाळी मी तिच्यापाशी जाऊन बसले. आभार मानायचे होते. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, तोंडावळा ओळखीचा वाटावा पण नाव आठवू नये, तशी. मग नाकावरची नळी तिने बाजूला केली.

"जिन्यात तुझ्याबरोबर कोण होतं?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मला दोन हाका आल्या," ती कुजबुजली. "एक खालून, एक जवळून. दोन्ही तुझ्याच आवाजात. धुरात काही दिसेना... जी हाताला लागली, तिला उचललं."

"मावशी, ती मीच होते."

"हो," ती म्हणाली. "पण आपण दारातून बाहेर पडेपर्यंत ती दुसरी रडत होती... 'मावशी, मी इकडे' म्हणत."

एवढं बोलून तिने नळी पुन्हा नाकावर बसवली आणि भिंतीकडे कूस वळवली.