पाठीवरची कुसळं

ते साल एकोणीसशे बासष्ट. मी वीस वर्षांची, नदीकाठच्या लोकरीच्या गिरणीत कामाला होते. समुद्रापलीकडून लोकरीचे गठ्ठे यायचे आणि त्यांत अडकून तिकडच्या गवताची कुसळं. ती आम्ही वेचून मागच्या अंगणात टाकायचो. तिथे मग कुणीही न पेरलेली परकी फुलं डोलत असायची.

ती फुलं बघायलाच तो आला. वनस्पतींचा अभ्यास करणारा, उंच, जरासा वेंधळा. पहिल्याच दिवशी गठ्ठ्याला टेकला आणि अख्खा स्वेटर कुसळांनी भरून घेतला.

आमच्याकडे रीत होती — घरी जाण्याआधी जोडीजोडीनं एकमेकींची पाठ निवडायची, म्हणजे पाठीला चिकटलेली कुसळं वेचायची. माझी जोडीदारीण नुकतीच लग्न होऊन गेली होती. आमची मुकादम म्हणजे माझी सख्खी मावशी.

"तू रिकामीच आहेस ना?" ती म्हणाली. "त्या गवतवाल्याची पाठ निवड. असा रस्त्यानं गेला तर कुत्री मागे लागतील."

"हलू नका," मी त्याला म्हटलं.

"टोचतंय हो."

"कुसळं आहेत. गुदगुल्या करायला नाही आली."

तो हसला... पाठीवरूनसुद्धा हसू कळतं, हे मला तेव्हा समजलं.

मग तो रोजच येऊ लागला. मी त्याची पाठ निवडायची, तो माझी. बोटं इतकी हलकी, की वाटावं, पाठीवरून ऊन सरकतंय.

"हे बघा," तो म्हणायचा, "मेंढीच्या पाठीवर बसून निघालं, जहाजातून आलं, थेट तुमच्या बाहीपर्यंत."

"तिकीट न काढता?"

"चिकटणाऱ्याला कसलं तिकीट?"

एक दिवस पाठ निवडता निवडताच त्यानं सांगितलं — तिकडे, त्या मेंढ्यांच्या देशात, त्याला नोकरी लागली होती. कायमची. सोमवारचं जहाज.

"बरं झालं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी त्यानं शेवटची माझी पाठ निवडली आणि गेला. मी दाराशी पोचते तोच मावशीनं खांदा धरला.

"थांब. मानेखाली एक राहिलंय. आंधळा आहे का हा?"

"तो एकही ठेवत नाही, मावशी."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "मग आंधळा नाही, भित्रा आहे. आणि तूही तसलीच. जा, अंगणात असेल. ते काढू नकोस."

तो फुलांत उभा होता. उतरत्या उन्हात बियांच्या म्हाताऱ्या तरंगत होत्या...

"एक राहिलं," मी म्हटलं.

"ठेवलं."

"का?"

"सगळी निघाली की तुम्ही घरी जाता — म्हणून."

मी विचारलं, "जहाजात जागा असेल?"

"चिकटणाऱ्याला—"

"मी तिकीट काढून येईन. चोरून नाही."

"ये," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'या' नाही म्हणाला.

सोमवारी तो एकटाच गेला. मी वसंतात गेले, लग्न करायला. मावशी गिरणी बंद पडेपर्यंत मुकादम होती, शेवटपर्यंत तिचा आवाज तसाच खणखणीत. गिरणी पाडली, पण त्या जागेवर ती फुलं अजून येतात म्हणे. इथे आमच्या कुंपणाशी आमच्या नदीकाठचं एक रानगवत उगवलं, माझ्या कोटाच्या शिवणीतून आलेलं. त्यानं ते कधी उपटू दिलं नाही.

तो दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या स्वेटरच्या पाठीवर एक कुसळ आहे. ते मी काढलेलं नाही.