गमबूट, शब्दकोडं आणि कोरडी नळी

आत्या त्या दिवशी घाट चढून गेली, उतरून आली आणि तिच्या मोटरसायकलला काहीही झालं नाही. हे वाक्य कृपया विसरावं. ते वाचलंच नाही असं समजून पुढे चला. कारण सध्या सुट्टीतल्या दुपारचा एक वाजलाय, आत्या तीन वाजता निघणार आहे आणि तिची गाडी खाली बसायला तयार नाही.

"दाब," बारातेरा म्हणाली.

शंकाने हँडलवर पोट टेकवून सगळं वजन टाकलं. कमी पडू नये म्हणून धाकटा त्याच्या पाठीवर चढला. गाडीचं तोंड दोन बोटं खाली गेलं आणि भिंतीला टेकल्यासारखं थांबलं.

बारातेरा तिघांत मोठी. तिला बारा संपून तेरावं लागलं होतं आणि काका गाडी उघडून बसला की बारा-तेराचा पाना नेमका तिच्याच खिशात सापडे. एवढ्या पुराव्यावर नाव पडलं. शंका तिचा मधला भाऊ. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी तो "कशावरून?" विचारी.

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना फोर्कच्या दोन नळ्या असतात. आत स्प्रिंग आणि तेल असतं, म्हणून खड्डा आला की चाक वर जातं आणि दात जागच्या जागी राहतात. बारातेराने एका चकचकीत नळीभोवती प्लॅस्टिकची पट्टी आवळून ठेवली होती. फोर्क जेवढा दबेल, तेवढी पट्टी वर सरकणार. ती दोनच बोटं सरकली होती. शिवाय डाव्या नळीच्या गळ्याशी तेलाचं ओलं कडं दिसत होतं. एक थेंब तिथून सावकाश ब्रेकच्या तबकडीकडे निघाला होता.

"तबकडीला तेल लागलं तर?" धाकट्याने विचारलं.

"आत्या ब्रेक दाबेल," बारातेरा म्हणाली, "आणि गाडी तिचं ऐकणार नाही. घाटात."

तिने फडक्याने थेंब पुसला. तिघं काकाकडे गेली.

काका पाणीखात्यात मीटर वाचायचा. नळीच्या गळ्यात तेल अडवणाऱ्या नव्या सीलचे पैसे दिले, आता मजुरीचे कोण देणार, म्हणून सकाळी त्याने आत्याचा फोर्क घरीच उघडला होता. सील बसवायचं हत्यार नव्हतं, तर त्याने सांडपाण्याच्या पाइपचा तुकडा घेतला, नव्या सीलवर जुनं सील ठेवलं आणि ठोकून अगदी सरळ बसवलं. नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवीही चढवली होती, सीलची कड फाटू नये म्हणून. काम खरंच सुंदर झालं होतं. गाडी तेवढी चालवण्यासारखी राहिली नव्हती.

"कडक म्हणजे मजबूत," काका डोळे मिटूनच म्हणाला. "आधी मऊ होती तेव्हाही तुमची तक्रारच होती."

"तेल किती घातलंस?"

"एका नळीत एकशेऐंशी मिली, दुसरीत एकशेऐंशी. बाटली रिकामी आहे. म्हणजे तेल गाडीतच आहे, गावाला गेलेलं नाही."

"गाडीत कुठे?" शंका म्हणाला.

"आणि शेवटी तेलाची उंची पट्टीने मोजलीस?" बारातेराने विचारलं.

"मोजली की."

"घरातल्या पट्टीने?"

"नाहीतर काय, शेजाऱ्यांच्या?"

घरात पट्टी एकच होती. घामोळी खाजवायला म्हणून तीन दिवस ती धाकट्याच्या सदऱ्यात, पाठीवर मुक्कामाला होती. झोपेतही तो ती सोडत नसे. बारातेराने ती ओढून काढली. शंकाने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"तेलाचा वास नाही. बाकी सगळ्याचा आहे."

काकाने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

मुलं मागच्या पडवीत पोचली. गाडीपासून सुटी केलेली नळी आपोआप उभी राहत नाही, म्हणून काकाने सकाळी दोन गमबुटांत चिंध्या कोंबून त्यांत एकेक नळी रोवली होती. गमबूट अजून वर्तमानपत्रावर उभे होते. एका नळीत तेल ओतून चहाला जाताना काकाने कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: एका बाजूला 'झालं', दुसऱ्या बाजूला 'राहिलं'.

"पद्धत चांगली आहे," शंकाने पहिल्यांदाच काहीतरी मान्य केलं.

बारातेरा मात्र कोड्याकडे बघत होती. गमबुटांच्या मधोमध शब्दकोडं होतं, हिरव्या शाईने सोडवलेलं. कोडं सरळ दिसत होतं. काकाचं 'झालं' आणि 'राहिलं' उलटं. हिरव्या शाईचं पेन घरात एकाच माणसाकडे होतं.

आत्या जनावरांची डॉक्टर. ती अंगात जाकीट घालून, पिशवी भरून तयारच होती. "वरच्या वस्तीवर गाय अडलीय," ती म्हणाली. "फोन आला, मी आत्ताच निघते. किल्ली द्या."

किल्ली धाकट्याच्या बुटात होती. त्याला विचारलं नाही म्हणून तो बोलला नाही.

"आत्या, एकच प्रश्न. कोडं सोडवताना गमबूट मध्ये आले?" बारातेराने विचारलं.

"आले ना. उचलले, पेपर फिरवला, गमबूट होते तिथे ठेवले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे."

"पेपर परत फिरवलास?"

"कशाला? उभा सतरा राहिला होता."

दारात काका उभा होता. त्याचे आता दोन्ही डोळे उघडे होते.

"म्हणजे चहा पिऊन आलो तेव्हा 'राहिलं' जिच्यापुढे होतं..."

"ती भरलेली होती," बारातेरा म्हणाली. "तू तिच्यातच परत ओतलंस, म्हणून गाडी दबत नाही. तेल वर आलेलं दिसलं नाही?"

"दिसलं. मला वाटलं, ही नळी लहान असेल."

"कशावरून?" शंका म्हणाला.

"अजून सिद्ध कुठे झालंय?" काका पुटपुटला.

बारातेराने इंजिनाखाली खोकं सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं. मग उजव्या नळीचं झाकण सोडवायला घेतलं. शेवटच्या आट्याला तिने काकाचा तळहात त्यावर दाबायला लावला, नाहीतर स्प्रिंगने झाकण छताला नेऊन लावलं असतं. स्प्रिंग निघाली. नळीत सायकलची तार तळापर्यंत घातली.

तार कोरडी बाहेर आली.

आत्याने तारेकडे पाहिलं. मग ब्रेकच्या तबकडीकडे. पिशवी खाली ठेवून तिने घोड्यांसाठीची मोठी सिरिंज काढली, तिला रबरी नळी जोडली आणि काकाच्या हातात दिली.

"साठ-साठ मिली, तीन वेळा. डावीतून उजवीत. आणि मोजणार ही."

काकाने चाक वर उचलून फोर्क पूर्ण दाबून धरला, बारातेराने पट्टी धुऊन दोन्ही नळ्यांत तोंडापासून तेलापर्यंत चौदा सेंटिमीटर मोजले. काका लालबुंद झाला, पण पट्टीशी वाद घालता येत नाही. स्प्रिंगा गेल्या, झाकणं बसली, तबकडी स्पिरिटने पुसून झाली. शंकाने हँडल दाबलं. गाडी मुकाट्याने खाली बसली आणि तितक्याच शहाण्यासारखी वर आली. प्लॅस्टिकची पट्टी हातभर नाही, पण चांगली सहा बोटं सरकली होती.

"दवाखान्यात माझ्या हाताखाली दोन पदवीधर आहेत," आत्या हेल्मेट चढवत बारातेराला म्हणाली. "त्यांतल्या एकानेही कागदाकडे असं बघितलं नसतं. किल्ली?"

धाकट्याने बूट काढला. आत्याने किल्ली दोन बोटांच्या चिमटीत धरली.

संध्याकाळी वासरू झाल्याचा फोन आला. काकाने बारातेराला जवळ बोलावलं, "मोजायला मी विसरलो, तू नाही," म्हणाला आणि एक कोरा कागद मागितला. मजकूर त्याचा, अक्षर तिचं:

'मा. संपादक यांस, सविनय विनंती, की आपल्या दैनिकातील शब्दकोडे यापुढे गोल छापावे व त्यातील अक्षरे चहूबाजूंनी सरळ दिसतील अशी व्यवस्था करावी, जेणेकरून कोणासही कागद फिरवावा लागणार नाही. तोवर उभा सतरा काय, तेही तातडीने कळवावे. सोबत : वापरलेले सील, दोन नग.'