‘सोड’ म्हणायचं नाही

ही गोष्ट खरी आहे. ती पटवून द्यायचा मला कंटाळा आहे. मी शाळेत गणित शिकवते. उत्तर येत नसेल तर सरळ ‘येत नाही’ असं लिहा, हे मुलांना मीच सांगते.

याचं उत्तर मला येत नाही.

रात्र वगैरे नव्हती. रविवार होता, दुपारचे साडेतीन. जागा म्हणजे आमच्या घराला लागून असलेलं गॅरेज. एक गाडी जेमतेम मावते, आणि जमिनीला दाराकडे थोडा उतार आहे, धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून.

गाडी सत्तेचाळीस वर्षांची. ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे ती नुसती ताडपत्रीखाली उभी होती. वळणावर डुलायची आणि ब्रेक लावला की विचार करून थांबायची. म्हणून मी नवे शॉकॲब्सॉर्बर आणले, मागचे स्प्रिंगचे पाटे आणले, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणले. मेकॅनिक म्हणाला, “मॅडम, राहू द्या, तुमच्याने नाही व्हायचं.”

झालं. तिथंच मी हट्टाला पेटले.

मदतीला धाकटा भाऊ. बँकेत आहे, चाळिशीला टेकलाय, पण घरात त्याला अजून रेडिओच म्हणतात. एकदा सुरू झाला की बंद होत नाही. वाद संपवायचा असला की त्याचं ठरलेलं पालुपद, “सोड ना ताई.”

तीन रविवार खपून आम्ही सगळं बसवलं. शेवटचं काम उरलं होतं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं. त्याला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो. दुसरा गाडीखाली चाकाशी झोपून छोटा नट उघडतो आणि बंद करतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून शब्द ठरलेले असतात.

खालचा म्हणतो, “दाब.”

वरचा म्हणतो, “दाबलं.”

“धर.”

“धरलं.”

मग नट उघडायचा, बुडबुड्यांसकट तेल बाहेर येतं, नट बंद करायचा आणि मगच म्हणायचं, “सोड.” तोवर वरच्याने पाय हलवायचा नाही, मरण आलं तरी. मी रेडिओला हे चार वेळा बजावलं होतं.

पुढची चाकं बसवून झाली होती. गाडीचं तोंड दाराकडे होतं. तिची मागची बाजू मी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे गाडी पेलणाऱ्या चार पायांच्या टेकूंवर, चढवली, मागची चाकं काढली आणि चटई टाकून खाली शिरले. तोंड वर, छातीपासून वीतभर अंतरावर गाडीचा आस.

सुरुवातीला रेडिओ चालू होता. त्याच्या साहेबांची मुलगी, साहेबांचं पोट, साहेबांचा कुत्रा. मध्येच “दाबलं”, “धरलं”.

मग तो गप्प झाला.

मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, सुधारला.

“दाब.”

“दाबलं...”

“धर.”

“धरलं...”

आवाज थोडा बारीक वाटला. कंटाळला असेल. पण काम मात्र पहिल्यापेक्षा छान व्हायला लागलं. पेडल एकसारखं दाबलं जात होतं, घाई नाही, धसमुसळेपणा नाही. असं आठ-दहा वेळा झालं.

शेवटचा नट मी बंद केला. ‘सोड’ म्हणायला तोंड उघडलं...

आणि माझ्या डोक्याजवळची घोडी मला दिसली.

तिचे मागचे दोन पाय जमिनीला टेकलेले नव्हते.

दोन बोटं वर होते.

मला एका क्षणात सगळं कळलं. सकाळी नवे पाटे बसावेत म्हणून आम्ही गाडी जरा पुढेमागे ढकलली होती. त्यासाठी पुढच्या चाकांना अडवायला लावलेल्या विटा मीच काढल्या होत्या. परत लावल्याच नव्हत्या. मागची चाकं काढलेली, म्हणजे हँडब्रेकचा उपयोग शून्य. पेडल सुटलं की दरवेळी गाडी उतारावर केसभर पुढे सरकत होती आणि घोड्या तिच्याबरोबर कलत होत्या.

आता गाडी फक्त पुढच्या ब्रेकवर उभी होती.

म्हणजे पेडलवरच्या पायावर.

अजून एकदा ‘सोड’ म्हटलं असतं तर गाडी माझ्या छातीवर आली असती.

मी बाहेर सरकायला गेले. डोकं हललंच नाही. माझी वेणी घोडीच्या टेकलेल्या पुढच्या पायाखाली सापडली होती. ओढावी तर घोडी हलेल. हात वर न्यावा तर कोपर आसाला लागत होतं. मी तशीच पडून राहिले.

“रेडिओ,” मी हळूच म्हटलं. “पाय हलवू नकोस हं. अजिबात.”

“धरलंय...”

आणि त्याच वेळी बाहेरून हसण्याचा आवाज आला.

रस्त्यावरून. फाटकापाशी. रेडिओ फोनवर बोलत होता. “अहो साहेब, तुमच्या कुत्र्याला काय झालंय...”

तो बाहेर होता.

वर, आत, सीट किंचित करकरली. कुणीतरी बसल्या जागी पाठ सरळ केल्यासारखी.

मी घाबरले, हे कबूल करते. पण मला त्या पायाची जेवढी भीती वाटली, त्याच्या दसपट भीती तो पाय निघून जाण्याची वाटली.

मी कुजबुजले, “धरून ठेव.”

“धरलंय...”

फाटक वाजलं. चपला वाजत आल्या. आणि मला आठवलं की माझा भाऊ येणार, मला अजून खालीच बघणार, आणि आल्या आल्या म्हणणार काय.

चपला गाडीशी थांबल्या.

“काय गं ताई, अजून नाही झालं? मी काय म्हणतो, आता सो...”

“गप्प!”

वर्गात चाळीस पोरं ज्या आवाजाने बसतात तो आवाज होता. तो थांबला.

“एक शब्द बोलायचा नाही. गाडीला हात लावायचा नाही. कोपऱ्यात विटा आहेत, पुढच्या दोन्ही चाकांच्या पुढे घट्ट लाव. मग जॅक आण. तोंड मिटून.”

त्याने खाली वाकून घोडीकडे बघितलं. तो विटा घ्यायला पुढे गेला. ड्रायव्हरच्या दारापाशी त्याची पावलं अडखळली...

तो आत बघत होता.

मी नुसत्या त्याच्या चपला बघत होते. मग विटा घासल्याचा आवाज आला. एक. दुसरी. जॅक आला. गाडी बोटभर वर उचलली गेली, घोडी सैल झाली, आणि मी वेणी ओढून चटईवरून बाहेर आले.

रेडिओ रडत होता. त्याने मला घट्ट धरलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच असेल.

“मी तुला सांगून गेलो होतो,” तो माझ्या कानात पुटपुटला. “फोन आलाय, जाऊन येतो म्हटलं. खालून तू म्हणालीस, जा.”

मी म्हणाले नव्हते.

मी आत बघितलं. सीट रिकामी होती. पण गादी मध्ये दबलेली होती. आणि ब्रेकचं पेडल पार खाली गेलेलं होतं.

तसंच खाली.

रेडिओने नंतर मागची चाकं लावली, गाडी खाली घेतली, चारही चाकांना विटा लावल्या. हे सगळं त्याने एक अक्षर न बोलता केलं. पेडल वर आलं नाही. त्याने एकदा हाताने ओढून बघितलं आणि हात पँटला पुसला. त्यानंतर तो गॅरेजमध्ये पाऊल ठेवायला तयार नाही.

सोमवारी पेडल खाली होतं. मंगळवारीही.

तुम्हाला हसू येईल, पण मला वाईट वाटायला लागलं. कुणीतरी माझ्या एका शब्दावर तिथं ताटकळत होतं. मला मरू दिलं नव्हतं त्याने. आणि मी त्याला मोकळं करायला घाबरत होते.

बुधवारी शाळेतून आले ती तडक गॅरेजमध्ये गेले. चार वाजले होते, चांगलं ऊन होतं. चारही विटा पायाने दाबून बघितल्या. गाडीपासून तीन पावलं लांब, दाराशी उभी राहिले.

“सोड,” मी म्हटलं.

पेडल वर आलं. सावकाश, अगदी शिकवल्यासारखं.

“सोडलं...”

मी सुटकेचा श्वास टाकला. “उपकार झाले,” असंही काहीतरी म्हणाले. वळले. हात कडीवर ठेवला.

तेवढ्यात खालून आवाज आला. आतून नाही. गाडीखालून, जिथं मी झोपले होते तिथून.

“आता तू दाब...”

मी कुलूप लावलं आणि घरात आले.

याला सात महिने झाले. गाडी विकावी तर घेणारा तिच्यात बसणार, म्हणून विकतही नाही. ब्रेक उत्तम झालेत, पण गाडी जागची हललेली नाही. गॅरेजची भिंत माझ्या स्वयंपाकघराला लागून आहे. दुपारी घर शांत असलं की पलीकडून ते ‘दाब...’ ऐकू येतं, न चिडता, न ओरडता. मी शिकवलेल्याच शब्दात.

त्याने माझ्यासाठी तीन दिवस धरून ठेवलं होतं. त्याच्यासाठी एकदा जाऊन बसणं माझं कर्तव्य आहे, हे मला कळतं. दोनदा मी किल्ली हातात घेऊन दारापर्यंत गेलेही.

पण दाबल्यावर तो मला ‘सोड’ कधी म्हणणार, ते मला माहीत नाही.