न जागणारे दोन सिलिंडर

धुके दरीतून वर येत होते आणि चढावर गाडी थरथरत होती. दुपारचे सव्वाचारच वाजले होते, तरी घाटात सांजेचा राखाडी अंधार साचला होता. इंजिन कण्हले, दोनदा आचके देऊन बंद पडले.

"आबा, सपाटीवर तर नीट चालत होती," शाल्मली म्हणाली.

"तेच कोडं आहे," आबा म्हणाले.

रस्त्याकडेच्या दरड-प्रहरीने (डोंगराची सूक्ष्म हालचाल ऐकणाऱ्या खांबाने) आपल्या भावनाशून्य आवाजात सांगितले की उतार सरकतो आहे आणि घाटमाथ्यावरचा संरक्षक दरवाजा पाच वाजता बंद होईल. सन २०५४ मध्ये घाट असे बोलत असत. मागच्या वळणावर थोड्याच वेळापूर्वी माती कोसळली होती. परतीची वाट उरली नव्हती. दरवाजा दोन किलोमीटर वर होता. दहा वर्षांच्या शाल्मलीला तेवढे चालता आले असते. डावा पाय निकामी झालेल्या आबांना कुबडीवर ते अशक्य होते.

आबांनी तिला शांतपणे पुढे निघायला सांगितले. ती जागची हलली नाही.

"मी गेले तर विजेरी कोण धरणार? तुमची कुबडी?"

आबांनी कुबडी सावरली. "जीभ अगदी आजीची आहे. बरं, रडायचं ते वर पोचल्यावर. बॉनेट उघड."

आयुष्यभर इंजिने घडवलेल्या आबांनी गाडीच्या संगणकाचा पडदा उजळला. त्यावर लिहिले होते : सिलिंडर दोन व तीन – आज्ञा : जागे, स्थिती : झोपलेले. हाक मारूनही न उठणारी माणसे शाल्मलीच्या डोळ्यांसमोर आली.

आबांनी समजावले. या इंजिनात चार सिलिंडर आहेत (इंधन जाळून दट्ट्या ढकलणाऱ्या चार नळ्या). सपाट रस्त्यावर दोघांचे बळ पुरते, म्हणून संगणक उरलेल्या दोघांना विश्रांती देतो आणि इंधन वाचते. ही विश्रांती एका विद्युत-झडपेच्या हाती असते (वीज मिळताच उघडणारे छोटे दार). दार उघडले की तेलाचा दाब आत शिरतो, त्या दोन सिलिंडरांची श्वासद्वारे मिटतात आणि ते झोपतात. वीज थांबली की स्प्रिंग दार लावून घेते आणि ते जागे होतात. सपाटीवर दोघांचेच काम होते, म्हणून काही कळले नाही. चढावर चौघे हवे होते.

"म्हणजे संगणक वीज बंद करतोय, तरी दार उघडंच आहे?"

"एक तर दार अडकलंय, नाही तर वीज दुसऱ्याच वाटेनं येतेय. अंदाज करत बसायचं नाही. विचारायचं."

वरून खडे घरंगळले. एक छतावर आपटला. आबांनी तिचे मनगट एकदाच दाबले आणि सोडून दिले.

झडपेला दोन तारा होत्या. चावी फिरवली की एकीत वीज कायम हजर असते. दुसरी संगणकाकडे जाते. तो तिला गाडीच्या धातूच्या अंगाशी जोडतो तेव्हाच विद्युतमंडल (विजेच्या प्रवासाचा पुरा फेरा) पूर्ण होते. आबांनी चावी काढली, त्या दुसऱ्या तारेची दोन्ही टोके सोडवली आणि विद्युत-मापकाची (दोन टोके विजेने जोडलेली असली की वाजणाऱ्या यंत्राची) एक सुई तिला, दुसरी इंजिनाच्या धातूला लावली. तार निरोगी असती, तर मापक गप्प राहिला असता.

मापक किंचाळला. धुक्यात तो आवाज एखाद्या जखमी पाखरासारखा लांबत गेला.

"तार कुठेतरी अंगाला टेकलीय," आबा म्हणाले. "संगणकानं सोडलं, तरी फेरा पुरा होतोच. आता मी तारांचा जुडगा हलवतो. आवाज तुटेल ती जागा बघ."

बोट-बोट पुढे सरकत ते तारा हलवत राहिले. इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात आवाज अचानक तुटला. शाल्मलीने प्रकाश टाकला. तिथे झेंडूची एक करपलेली पाकळी चिकटली होती.

दसऱ्याला गाडीची पूजा करताना बाहेरची माळ वाऱ्याने उडून जाते, म्हणून तिने एक माळ आत इंजिनाच्या धातूला बांधली होती. उष्णतेने दोरा जळेल, म्हणून झेंडू बारीक उघड्या तारेत ओवले होते. फुले कधीच गळून गेली. तार मात्र महिनाभर इंजिनाच्या कंपनाने विजेच्या तारेवर घासत राहिली आणि शेवटी तिने आवरण कापले.

तिने सांगितले नसते, तर कुणाला कळले नसते. समोर आबांची गाडीला टेकवलेली कुबडी होती.

"मी बांधली ती," ती म्हणाली. "तुमच्या गाडीला काही होऊ नये म्हणून."

आबांनी पकडीने माळेची तार कापून खिशात ठेवली.

"दोरा जळेल हा विचार बरोबर होता. पुढचा राहिला. चिकटपट्टी दे."

जखमेवर पट्टी बसली. मापक गप्प झाला. तारेची टोके पुन्हा जोडून आबांनी चावी फिरवली. इंजिन खोकले, अडखळले. मग चार आवाज एका लयीत मिसळले. पडद्यावर दोन व तीन जागे झाले.

पाचला चार मिनिटे कमी असताना ते दरवाजातून आत गेले. काही वेळाने मागे डोंगर दीर्घपणे गडगडला. शाल्मलीने मागे वळून पाहिले नाही. ती इंजिनाचा आवाज ऐकत होती आणि एक, दोन, तीन, चार असे मोजत होती.

"आबा, आपलं आवरण घासलं जातंय हे तारेनं स्वतःच सांगितलं तर?"

"कशी सांगेल?"

"अजून ठाऊक नाही."

आबांनी खिशातली तार काढून तिच्या तळहातावर ठेवली. "मग सुरुवात हिच्यापासून कर."