भिवाडीचं नाव कुणी घेतलं?

"तुम्ही चोर शोधून देता ना?" प्रभा शेवडेने दारातूनच विचारलं. "ऑफिसच्या मते चोर मीच आहे. म्हणून खरा शोधून हवाय."

करोल बागेत, गाड्यांची सीटकव्हरं विकणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर अलकनंदा बेहेरेंचं ऑफिस होतं. बँकेच्या दक्षता विभागातून निवृत्त झाल्यावर बाईंनी खासगी तपासाची पाटी लावली होती. सोबतीला शांताराम, सरकारी ऑडिटमधून निवृत्त झालेले. संशय घ्यायला ते नेहमी तयार, आणि तो बहुधा चुकीच्या माणसावर.

"आधी बस. पाणी पी," अलकनंदाबाई म्हणाल्या.

प्रभाने ग्लास घेतला, पण तोंडाला लावण्याआधी फोनकडे पाहिलं. पडद्यावर कॉट, आणि कॉटमध्ये पालथी झोपलेली दीड वर्षाची मुलगी.

"सासूबाई आहेत घरी," ती ओशाळून म्हणाली. "तरी जीव राहत नाही. ठमू झोपली की सारखं वाटतं, श्वास नीट चाललाय ना. म्हणून कॅमेरा लावलाय."

"अच्छा. आता चोरीचं सांग."

प्रभाने मनात दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. गुरुग्रामच्या हिमरथ कंपनीत ती कर्जांचं काम बघत असे. भाज्या आणि औषधं थंड ठेवायची मोठाली शीतगृहं कंपनीची होती. ती उभी करायला धनसेतू नावाच्या वित्तकंपनीकडून दहा वर्षांचं कर्ज घेतलं होतं. व्याज कंबरडं मोडणारं, आणि करारात अट अशी, की धनसेतूच्या संमतीशिवाय एकही शीतगृह दुसऱ्या कुणाकडे गहाण टाकायचं नाही.

"आता एक बँक कमी व्याजाने द्यायला तयार झाली," ती म्हणाली. "तिच्या पैशातून धनसेतूचं कर्ज फेडायचं, आणि मगच एक शीतगृह बँकेकडे तारण ठेवायचं. क्रम चोख होता. पण धनसेतूला आधी सुगावा लागला असता तर त्यांनी खोडा घातलाच असता. म्हणून तिघांतच ठेवलं. मी, माझे वरिष्ठ बळवंत कारखानीस, आणि कंपनीच्या वकील अरुणा सबनीस."

"आणि सुगावा लागला."

"पत्रच आलं, बाराखंबा रोडच्या त्यांच्या ऑफिसातून. 'शुक्रवारी तुमचे संचालक भिवाडीचं शीतगृह गहाण टाकायला मंजुरी देणार असल्याचं कळतं. हा करारभंग आहे. सगळं कर्ज ताबडतोब परत करा.' त्याची प्रत नव्या बँकेला. बँक घाबरून गप्प बसली. मला घरी बसवलं. सोमवारी संचालकांची बैठक आहे. माझ्याविरुद्ध पोलिसात तक्रार करायची की नाही, ते तेव्हा ठरेल."

"पण तूच का?" शांतारामांनी विचारलं.

"भिवाडीमुळे. आम्ही भिवाडीचं शीतगृह देणारच नव्हतो! गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी मी घरून सरांशी फोनवर बोलत होते. ठमूला नुकतं झोपवलं होतं, तिथेच कॉटपाशी बसले होते, म्हणून कानात इअरफोन घातले होते. बोलता बोलता सुचलं म्हणून मी म्हटलं, भिवाडीचं देऊ आणि शुक्रवारी मंजुरी घेऊ. सर म्हणाले, नको, तिथल्या जमिनीचा वाद आहे, मानेसरचं देऊ, आणि मंजुरी बुधवारीच उरकू. मी म्हटलं, बरं, तसंच करू. पुढे जे लिहिलं गेलं त्यात मानेसरच आहे, आणि मंजुरीही बुधवारी झाली. गुरुवारी हे पत्र. सर म्हणाले, भिवाडी हे नाव फक्त तुझ्या तोंडून आलं, प्रभा."

अलकनंदाबाईंचे डोळे बारीक झाले. "घरात कोण होतं?"

"कुणीच नाही. सासूबाई खाली बागेत होत्या, कामाची बाई सुट्टीवर. मी आणि ठमू."

"ठमू बोलते?" शांतारामांनी विचारलं.

"ताता म्हणते."

"मग तिला वगळू."

बाई हसल्या नाहीत. "फोन ठेवल्यावर काय केलंस? बारीकसारीक सगळं सांग."

"काय करणार? डाळ भिजत घातली. उल्हासने, माझ्या नवऱ्याने, मेसेज केला होता की ठमूचा ससा खाली पडलाय, उठली की रडेल. तो उचलून तिच्या कुशीत ठेवला. कपडे आत आणले. मग सरांना पाठवायची टिपणी लिहायला बसले."

"नवरा काय करतो?"

"नोएडाला विमा कंपनीत आहे." प्रभाचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "तो नसता ना, तर मी वेडीच झाले असते. रोज जवळ घेऊन म्हणतो, सोड ना यार ती नोकरी, मी आहे ना."

ती गेल्याबरोबर शांतारामांनी टेबलावर थाप मारली. "बळवंत! भिवाडी ऐकणारा तो एकटाच. त्यानेच फोडलं आणि हिच्या गळ्यात बांधलं."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण शुक्रवार कशाला सांगितला असता त्याने?"

शांतारामांना प्रश्न कळला नाही. त्यांनी तो कळल्यासारखी मान हलवली.

*

ऑफिसात पाऊल टाकायची प्रभाला बंदी होती, म्हणून दुसऱ्या दिवशी बळवंत कारखानीस कंपनीच्या टॉवरखालच्या कॉफीच्या दुकानात आले. प्रभाच्या नजरेला त्यांनी नजर दिली नाही. हिला त्यांनीच घडवलं होतं, आणि आता तेच तक्रारीवर सही करणार होते.

"मला आनंद होतोय असं वाटतं का तुम्हाला?" ते अलकनंदाबाईंना म्हणाले. "कर्ज परत मागितलं गेलं तर पहिलं डोकं माझं उडेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

"त्या फोनच्या वेळी तुमच्याजवळ कुणी होतं?"

"सेक्रेटरी समोरच बसली होती. माझं बोलणं तिने ऐकलं असणार. लपवत नाही."

"तुम्ही नेमके काय शब्द बोललात?"

बळवंतरावांनी आठवून पाहिलं. "म्हणालो, 'छे छे, तिथल्या जमिनीचा वाद आहे. मानेसरचं देऊ. आणि शुक्रवार कशाला, बुधवारीच उरकू.'"

"भिवाडीचं नाव?"

"नाही घेतलं. कशाला घेऊ? ती नुकतीच बोलली होती."

शांताराम प्रभाच्या कानाशी कुजबुजले, "सेक्रेटरी!" प्रभालाही क्षणभर तसंच वाटलं. कुणीतरी परकं असावं, एवढीच तिची इच्छा होती.

अरुणा सबनीस फोनवर भेटल्या. आवाजात कोर्टाची घाई होती. "टिपणी माझ्याकडे बुधवारी सकाळी आली. तीत मानेसर होतं. भिवाडी मी पहिल्यांदा वाचलं ते धनसेतूच्या पत्रात. मला वाटलं, टायपिस्टची चूक. और कुछ?"

*

शनिवारी अलकनंदाबाई आणि शांताराम प्रभाच्या घरी आले. सोसायटीच्या अकराव्या मजल्यावरचं भाड्याचं घर. सासूबाईंनी, विजयालक्ष्मीबाईंनी, दार उघडलं आणि पाहुण्यांपुढे लगेच चिवडा ठेवला.

"माझी सून असलं काही करणार नाही," त्या म्हणाल्या. "भांडकुदळ आहे, पण लबाड नाही."

"आई!"

"खरं तेच सांगतेय. त्या दुपारी मी खाली बागेत होते. आमचं भजनी मंडळ बसतं. विचारा हवं तर, पेटी मीच वाजवते."

अलकनंदाबाईंनी ठमूची खोली पाहिली. कॉटच्या वर भिंतीवर पांढरा, मुठीएवढा कॅमेरा होता. ठमू जागी झाली होती आणि परक्या माणसांकडे बघून ओठ काढत होती.

"शांताराम, हिला रमवा. मी आत चहा बघते."

प्रभाबरोबर बाई स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर ठेवलेल्या प्रभाच्या फोनमधून शांतारामांचा घोगरा आवाज आला. ते 'ये रे ये रे पावसा' म्हणत होते, बेसूर, आणि प्रत्येक ओळ चुकीच्या जागी तोडत.

"पोरगी घाबरेल," प्रभा पहिल्यांदाच हसली.

"कॅमेरा कुणी आणला?"

"उल्हासने. वाढदिवसाला."

"तोही बघतो?"

"छे. सुरुवातीला बघायचा. मग त्याच्या ऑफिसने फोनवर ती सगळी ॲप बंद करायला लावली म्हणे. मीच वेडी बघत बसते."

चहा पिताना विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या, "निदान उल्हासचं तरी चांगलं होतंय. नोएडाची दगदग संपेल. बाराखंबाला मेट्रोने सरळ जाता येईल."

प्रभाने कप खाली ठेवला. "बाराखंबाला? कशासाठी?"

"अगं, नवी नोकरी! तुला नाही बोलला? नक्की झाल्यावर सांगणार असेल. माझ्याच तोंडात तीळ भिजत नाही."

अलकनंदाबाईंनी चिवड्याची बशी बाजूला सारली. निघताना दारात त्यांनी प्रभाचा हात धरला.

"मला कळलंय. उद्या कारखानीसांना इथे बोलाव. एकच सांग, आधी तुला एकटीला सांगू, की सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर," प्रभा ताडकन म्हणाली. "मला चोर ठरवलं ते सगळ्यांसमोरच."

"नीट विचार कर."

"केलाय."

*

रविवारी दुपारी दिवाणखान्यात सगळे जमले. बळवंतराव ताठ बसले होते. उल्हास प्रभाशेजारी बसला, हात तिच्या खांद्यावर. विजयालक्ष्मीबाई ठमूला मांडीवर घेऊन होत्या. आरोपी आपणच असल्यासारखे शांताराम घाम पुसत होते.

"चोराने दोन गोष्टी सांगितल्या," अलकनंदाबाईंनी सुरुवात केली. "भिवाडी आणि शुक्रवार. दोन्ही चुकीच्या. आपण सगळे 'भिवाडी'ला चिकटून बसलो. मी शुक्रवारापाशी अडले."

"तरी मी म्हणतच होतो," शांताराम पुटपुटले.

"तुम्ही बळवंतराव म्हणत होतात. बळवंतरावांना फोडायचंच असतं, तर मंजुरी बुधवारी आहे हे त्यांना ठाऊक होतं. मंजुरी होऊन गेल्यावर पोचणारं पत्र कोण लिहवून घेईल? धनसेतूला वाटत होतं की आपण वेळेत आहोत. म्हणजे त्यांना सांगणाऱ्यालाही तसंच वाटत होतं."

"माझी सेक्रेटरी?" बळवंतरावांनी विचारलं.

"तिने तुमची बाजू ऐकली. तुमच्या बाजूला भिवाडी नाहीच, शुक्रवार खोडलेला, उरलं ते मानेसर आणि बुधवार. टिपणी वाचणाऱ्या वकीलबाईंनाही तेच कळलं. कुणी फोनवर चोरून ऐकलं असतं, तर दोन्ही बाजू ऐकल्या असत्या, आणि दुरुस्तीही. आता प्रभाची बाजू घ्या. तिच्या तोंडून बाहेर पडलं ते भिवाडी, शुक्रवार, आणि शेवटी नुसतं 'बरं, तसंच करू'. सरांचं उत्तर तिच्या इअरफोनमध्येच राहिलं. चोराने ऐकली ती एकट्या प्रभाची बाजू. तो या घरात होता."

"पण घरात कुणीच नव्हतं!" प्रभा म्हणाली.

"माणूस नव्हता. कान होता. काल शांतारामांचं गाणं आपण ओट्याशी उभं राहून ऐकलं, ना?"

प्रभाच्या खांद्यावरचा हात जड झाला.

"कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या फोनवर चालतो का, विचारलं. तू म्हणालीस, नाही. मग त्या मंगळवारी नोएडात बसलेल्या माणसाला ससा खाली पडलेला कसा दिसला?"

ठमूने आजीची बांगडी ओढली.

"बाराखंबा रोडवर ऑफिसं शेकड्यांनी आहेत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून काल संध्याकाळी बँकेतल्या जुन्या ओळखीतून खात्री करून घेतली. उल्हासराव, धनसेतूत तुमची नेमणूक नक्की झाली आहे. पत्र पोचलं त्याच आठवड्यात."

खांद्यावरचा हात निघून गेला.

"मी मुद्दाम नाही ऐकलं," उल्हास म्हणाला. "ठमूला बघत होतो. आवाज आला. त्यांचा मुलाखत घेणारा सारखा विचारायचा, तुमची मिसेस हिमरथमध्ये ना? मी सहज बोलून गेलो. तुझ्यावर येईल असं खरंच वाटलं नव्हतं, प्रभा. आणि नोकरी काय माझ्या एकट्यासाठी घेत होतो? घरासाठीच ना? तू घरी राहिली असतीस, ठमूजवळ. तुलाच तर तिची एवढी काळजी."

प्रभा त्याच्याकडे बघत राहिली. ओळखीचा चेहरा, ओळखीचा शर्ट. तिनेच इस्त्री केलेला.

"माझ्यावर आलं, ते तुला त्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "त्यानंतर रोज मी रडत होते. तू काय करत होतास?"

"तुला समजावत होतो."

"काय समजावत होतास?"

त्याने मान खाली घातली. "की नोकरी सोड."

विजयालक्ष्मीबाई ठमूला घेऊन उठल्या. मुलाजवळून जाताना त्यांनी ठमूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आत गेल्या.

बळवंतरावांनी घसा खाकरला. "प्रभा, माझी चूक झाली. सोमवारच्या बैठकीत तू माझ्या शेजारी बसशील. आणि अजून काही बिघडलेलं नाही. भिवाडीचा आरोप मुळातच खोटा आहे. नोकरीचं आमिष दाखवून आमची बातमी काढली, हे लेखी समोर आलं, तर धनसेतू कोर्टाची पायरी चढणार नाही. बँक पुन्हा बोलायला बसेल. पण त्यासाठी..." ते अडखळले. "यांचा जबाब लागेल. नावानिशी. नोकरी जाईल यांची, ही आणि ती, दोन्ही. तू म्हणशील तर मी दुसरा काही मार्ग बघतो."

"प्रभा, प्लीज," उल्हास म्हणाला. "घरातली गोष्ट आहे ही."

प्रभा उठली. टेबलावरचा कोरा कागद तिने बळवंतरावांपुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"लिहा, सर."

बळवंतरावांनी लिहायला सुरुवात केली. उल्हासचं पूर्ण नाव विचारलं, तिने सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं. आवाज एकदाही हलला नाही. शांताराम खिडकीबाहेर बघत राहिले.

"पत्ता? हाच ना?"

"हा नको," प्रभा म्हणाली. "त्यांचा पत्ता त्यांनाच विचारा."